सुखतळ्याला चालेल

२२ ऑगस्ट १९९४, सोमवार

आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात. डायरी गेल्या वर्षीची आहे, सिमेंटवाल्यांनी दिलेली, त्यामुळे वार खोडून घालावे लागतात. हरकत नाही.

निवड झाली! नाबरसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. बोईसरच्या एकनाथशेठना तळ्याकाठी रिसॉर्ट हॉटेल काढायला आपली बँक कर्ज देतेय, त्यात परदेशी पैसा आहे. त्या लोकांना आधी 'एन्व्हायर्नमेंटल अँड सोशल रिव्ह्यू' लागतो. म्हणजे हॉटेलामुळे तिथल्या पाण्याचं, झाडांचं आणि माणसांचं काय होणार, याचा अहवाल. ऑफिसात हे कोणालाच येत नाही म्हणून तुम्हाला देतो, म्हणाले. एवढ्या स्टाफमधून मलाच.

निघताना असंही म्हणाले की कमलाकांत, दांडीच्या कोळंबीनंतर ही शेवटची संधी. हाही अहवाल फसला तर चंद्रपूर, वसुली विभाग. दांडीचा कोळंबी प्रकल्प समुद्र घेऊन गेला यात माझा काय दोष? मी अहवालात 'समुद्र शांत आहे' असं लिहिलं होतं. मी गेलो तेव्हा होता.

घरी येऊन बायकोला, पुष्पलताला सांगितलं. तिला आनंद झाला असावा. फक्त म्हणाली की इथे सरावलीच्या शाळेत बदली मिळवायला मी किती वर्षं अर्ज केले ते तुम्हाला माहीत आहे, चंद्रपूरला मी येणार नाही, आत्ताच सांगून ठेवते. तिला म्हटलं, चंद्रपूरचा प्रश्नच येत नाही. मुंबईचं बघ. हेड ऑफिसला या विषयाचा वेगळा सेल निघणार, त्याला प्रमुख लागणार.

निश्चय: पहाटे पाचला उठणे. तंबाखू बंद. अहवाल असा की परदेशात वाचतील.

२८ ऑगस्ट

गाइडलाइनचं पुस्तक वाचायला घेतलं. जाडजूड. पहिल्याच पानावर 'स्टेकहोल्डर' शब्द. शाळेच्या डिक्शनरीत अर्थ: पैजेची रक्कम धरून ठेवणारा तिऱ्हाईत. पाड्यावर इतका जुगार चालतो याची कल्पना नव्हती. 'सामाजिक समस्या' या सदरात घेणार.

उठायला आठ वाजले. पाऊस होता.

३ सप्टेंबर, शनिवार

साइट व्हिजिट. एकनाथशेठनी जीप पाठवली, स्वतःही होते. शेठचा धंदा रिकाम्या पिंपांचा, पण माणूस मोठ्या दिलाचा. त्यांनी जागा श्रावणात बघितली आणि श्रावणातच घेतली. असा निर्णय घ्यायला हिंमत लागते.

बोईसरच्या पूर्वेला, रूळ ओलांडून, डोंगराच्या कुशीत. आणि तळं! काय सांगावं! या टोकावरून त्या टोकाचा माणूस दिसत नाही. कमळं, बगळे, पाण्यात ढग. शेठ म्हणाले, इथं बोटिंग, तिथं डायनिंग, मधे कारंजं. मी म्हटलं, कारंज्याचा एन्व्हायर्नमेंटला फायदाच आहे.

काठावर आदिवासी पाडा आहे. तिथला भिका नावाचा वयस्कर माणूस गुरं घेऊन उभा होता. तळ्याचं नाव विचारलं. म्हणाला, सुकतळं.

इथे माझा अभ्यास कामी आला. पुष्पलताचं माहेर नवापूरचं, मासेमारीवालं घर. तिकडे 'आमी', 'तुमी' म्हणतात, म्हणजे 'ह' गिळून टाकतात. लग्नानंतर मी यावर नियमच बसवला आहे: या भागात अक्षरातला जोर काढून घेतलेला असतो, तो आपण परत घालायचा. सुक म्हणजे सुख. सुखतळं! शेठना समजावून सांगितलं तर ते उडालेच. हॉटेलचं नाव तिथल्या तिथे ठरलं. 'सुखतळं लेक रिसॉर्ट'. नाव मी दिलं, याची कुठेतरी नोंद व्हावी.

पुष्पलता म्हणाली, अहो, सुकं म्हणजे सुकं. मासळीच्या घरातली बाई. तिला सगळीकडे सुकटच दिसणार.

१८ सप्टेंबर, रविवार

जनसुनावणी पार पडली. गाइडलाइनप्रमाणे लोकांची संमती त्यांच्या भाषेत घ्यायची असते. उंबराखाली सगळा पाडा जमला. मी उभा राहून साध्या सोप्या मराठीत विचारलं: तुमच्या तळ्यावर हॉटेल चालेल का?

भिकाने डोकं खाजवलं, तळ्याकडे बघितलं आणि म्हणाला, चालंल.

मी लगेच लिहून घेतलं. तो पुढेही काहीबाही बोलत होता, पण माझं लिहिणं चालू होतं, आणि मुख्य शब्द मिळाला होता. बाकीच्यांनीही माना डोलावल्या. संमती एकमताने.

ठकी नावाची एक म्हातारी पुढेच बसली होती. तिने तंबाखूची चिमूट पुढे केली. नाही म्हणणं त्यांच्या संस्कृतीचा अपमान ठरला असता, म्हणून घेतली. मग तिने विचारलं, सायेब, आमची वाडी ऱ्हाईल ना रं? तू खरा सांग. (हे लोक सगळ्यांनाच 'तू' म्हणतात. त्यात अनादर नसतो. मी चौकशी केली.)

खरं सांगतो, गहिवरलो. मी घाटावरचा, नगर जिल्ह्यातला. चार घरांच्या वाडीत लहानाचा मोठा झालो. वाडी म्हणजे काय हे मला शिकवायला नको. छातीवर हात ठेवून म्हटलं, ठकीबाई, वाडीला धक्का लागणार नाही, हा माझा शब्द आहे. सगळ्या बायकांचे चेहरे उजळले. एवढं समाधान दांडीला मिळालं नव्हतं.

२७ सप्टेंबर

सुरतेला प्लेग. इकडे घबराट. सुरतेची गाडी आली की बोईसरचा अर्धा प्लॅटफॉर्म तोंडाला रुमाल बांधून पळतो. टेट्रासायक्लिन कुठे मिळत नाही. परदेशी लोकांच्या वतीने अहवालाची जागेवर तपासणी करायला दिल्लीच्या बत्राबाई ऑक्टोबरात येणार होत्या, त्यांनी भेट पुढे ढकलली.

बरंच झालं. अहवालाला पॉलिश करायला वेळ मिळेल. रुमाल बांधून लिहितोय. श्वास कोंडतो, पण विचार स्पष्ट येतात.

१९ ऑक्टोबर

अहवाल पूर्ण. काही वाक्यं इथे उतरवून ठेवतो, मलाच आवडली आहेत. 'तळे बारमाही असून मनोहर आहे.' 'तळ्यात शेती नाही, कारण पाणी आहे.' 'स्थानिकांना विचारले असता त्यांनी चालेल असे सांगितले.' 'सुखतळे या नावातच लोकांचे तळ्याशी असलेले नाते दिसून येते.'

नाबरसाहेबांनी न वाचता सही केली. याला म्हणतात विश्वास.

तंबाखू अजून पूर्ण बंद नाही. दिवाळीनंतर.

२१ नोव्हेंबर, सोमवार

बत्राबाई आता डिसेंबरात येणार. फोटो काढायला तळ्यावर गेलो. तळं थोडं आत सरकलंय. काठ आणि पाणी यांच्यात बराच चिखल. आधी वाटलं, चुकीच्या बाजूने आलो. भिकाला विचारलं, पाणी कुठे गेलं? तो म्हणाला, जाताय हळूहळू. त्याला विशेष काही वाटलेलं दिसलं नाही.

विचार केला. समुद्र इथून फार लांब नाही. ओहोटी असणार.

संध्याकाळी नवापूरला सासऱ्यांकडे गेलो. तात्यांचं सगळं आयुष्य होडीत गेलं, त्यांना भरती-ओहोटी तोंडपाठ. विचारलं, डोंगराजवळच्या तळ्याची भरती किती वाजता असते? तात्यांनी हातातलं जाळं खाली ठेवलं. मग म्हणाले, जावईबापू, डबक्याला कसली भरती? आणि हसत सुटले. शेजारच्या दोघांना हाक मारून पुन्हा माझ्याकडून विचारून घेतलं. वय झालं की माणसाच्या ज्ञानाची वाढ थांबते.

१२ डिसेंबर

तळं निम्मं राहिलं. भेट जानेवारीवर गेली. बत्राबाईंना दिल्लीत काय कामं असतात कोण जाणे.

आज त्याहून गंभीर प्रकार. पाड्यातले लोक ओल्या गाळात उतरून काठ्या रोवत होते. बायका, पोरं, सगळी. प्रत्येकाचा तुकडा वेगळा. ठकी कमरेला पदर खोचून सगळ्यांवर ओरडत होती. मला बघून तिने हात हलवला. मी हलवला नाही. सरळ सरळ अतिक्रमण! हॉटेल येणार कळल्यावर भरपाईसाठी हे लोक काय वाट्टेल ते करतात, गाइडलाइनमध्ये तसं स्पष्ट लिहिलंय.

शेठना कळवलं. त्यांनी तातडीने तळ्याभोवती काटेरी तार ओढली आणि बिहारी वॉचमन बसवला. कर्तव्य केल्याचं समाधान. झोप मात्र आली नाही, डास फार आहेत.

५ जानेवारी १९९५, गुरुवार

ठकी घरी आली. थेट सरावलीला, चालत. बरोबर भिकाची सून नवसी. उंबऱ्यापाशीच बसल्या, आत यायला तयार नाहीत.

ठकी म्हणाली, सायेब, तू बोल्लास वाडी ऱ्हाईल. आता तार लावलीस. तो भैया आमाला आत जाव देत नाय. आमी या साली भट्टीव नाय गेलो, तुझ्या बोलाव ऱ्हायलो. मुकादम दिवाळीलाच गेला मानसं घेऊन. आता आमी काय खाव?

मी शांतपणे समजावलं. म्हटलं, ठकीबाई, वाडी आहे तिथेच आहे. कालच जीपमधून बघितली. सगळी घरं जागेवर आहेत, एकाही झोपडीला हात लावलेला नाही. ठकीने माझ्याकडे खूप वेळ बघितलं. मग पुष्पलताकडे बघितलं. पुष्पलताने दोघींना हात धरून आत नेलं, चहा केला, भाकरी वाढली. स्वयंपाकघरात तिघी हळू आवाजात बोलत होत्या. तिथे पुष्पलता त्यांच्यासारखंच बोलते, शाळेतल्यासारखं नाही.

त्या गेल्यावर तिने मला सांगितलं. अहो, इकडे वाडी म्हणजे वस्ती नव्हे. वस्तीला पाडा म्हणतात. वाडी म्हणजे भाजीपाल्याचं, फळांचं रान. तळ्याचं पाणी उतरलं की त्या ओल्या गाळात ते लोक काकडी, कलिंगडं, वाल लावतात. दरसाल. बोईसरच्या बाजारात विकतात, त्यावर पाऊस येईपर्यंत घर चालतं. ज्या साली वाडी नाही त्या साली पोरंबाळं घेऊन वीटभट्टीवर जावं लागतं. यंदा भट्टीही गेली आणि वाडीही.

मी म्हटलं, हे तिने सुनावणीत सांगायला हवं होतं. पुष्पलता म्हणाली, तिने सांगितलं. तुम्ही शब्दसुद्धा दिलात.

६ जानेवारी

ऑफिसला गेलो नाही. अंग मोडून आलंय.

भीती वाटते. लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय? अहवालात 'तळ्यात शेती नाही' असं माझ्या सहीने आहे. 'बारमाही' आहे. 'चालेल' आहे. दुरुस्ती पाठवली तर नाबरसाहेब विचारणार, मग आधी काय बघून लिहिलं? आणि मग चंद्रपूर. पुष्पलता येणार नाही. ती बोलते ते करते. मी तिकडे एकटा खानावळीत जेवणार आणि ती इकडे. या वयात.

नाबरसाहेबांना पत्र लिहायला घेतलं, फाडलं. पुन्हा घेतलं, पुन्हा फाडलं. पत्रात भाषा जमत नाही. योग्य वेळ आली की तोंडी सांगावं हे उत्तम.

जेवताना ठकी समोर दिसते. आमी काय खाव. ताट सरकवलं. मी काही दगड नाही.

तंबाखूचा निश्चय तात्पुरता स्थगित.

९ जानेवारी

योजना सुचली! संपूर्ण टेक्निकल.

बत्राबाई येतील तेव्हा तळ्यात पाणी नसेल, एवढं सध्यापुरतं मान्य करू. मग दिसणार काय? भेगाळलेला करडा चिखल. त्याने वाईट इम्प्रेशन पडतं. पण तिथे काकडीचे वेल असले तर? लांबून हिरवंगार दिसेल. लॉन! 'लेकसाइड लॉन.' तेव्हा तार काढायची, पाड्यावरच्या लोकांना हवं ते लावू द्यायचं, हॉटेलला फुकटात लॉन.

शेठकडे गेलो. आधी म्हणाले, कमलाकांतजी, डोकं ठिकाणावर आहे ना? पण लॉनवर लग्नं होतात हे मी सांगितल्यावर विचारात पडले. मी तासभर बोललो. घसा बसला. दांडीच्या अहवालासाठीसुद्धा मी एवढा बोललो नव्हतो. शेवटी या एका हंगामापुरतं हो म्हणाले.

लिहून ठेवतो, म्हणजे पुढे गैरसमज नको: ठकीचा याच्याशी काही संबंध नाही.

१३ जानेवारी

तार निघाली. स्वतः उभं राहून काढून घेतली. सगळा पाडा गाळात उतरला. उशीर झालाय, पण ओल आहे, धरंल, असं भिका म्हणाला.

वाटलं, ठकी काहीतरी बोलेल. आभार वगैरे. ती माझ्यापाशी आली आणि म्हणाली, पाय काढ रं सायेब, बी टाकलंय तिथं.

४ फेब्रुवारी

विधानसभेच्या निवडणुका. सगळे ड्युटीवर, पुष्पलताही. बत्राबाईंची भेट आता एप्रिलवर. पूर्वी वाटायचं, त्या लवकर येत का नाहीत. आता वाटतं, त्यांना दिल्लीत आणखी कामं निघोत.

पुष्पलता माझ्याशी थोडं थोडं बोलायला लागली आहे. काल म्हणाली, कोथिंबीर आणा.

२२ मार्च

तळं संपलं. मधोमध एक डबकं, त्यात तीन म्हशी. बाकी सगळीकडे वेल. बगळे मात्र मजेत फिरतात.

शेठ आज पहिल्यांदाच घाबरलेले दिसले. मग त्यांनी खरं काय ते सांगितलं. कर्ज मंजूर झालं की ते तळ्याला उंच बांध घालणार, चार बोअर मारणार आणि बाराही महिने पाणी काठोकाठ ठेवणार. लेक रिसॉर्टला लेक तर पाहिजे. मी विचारलं, मग वाडी? म्हणाले, वाडी बुडंल. हॉटेलात झाडलोटीला घेऊ की दोघाचौघांना.

मी काहीच बोललो नाही. का बोललो नाही ते आत्ता आठवत नाही. उन्हाचा त्रास होता.

डबकं तरी मोठं दिसावं म्हणून टँकर मागवायचा माझा सल्ला शेठनी मानला. पहिल्या टँकरचं पाणी ड्रायव्हरची विडी पेटायच्या आत जमिनीने पिऊन टाकलं. दुसरा गाळात रुतला. पाड्यावरच्या लोकांनी दोर लावून ओढून काढला आणि विचारलं, ऱ्हायलेला पानी वेलांना घालू का? परवानगी दिली. लॉनसाठी.

८ एप्रिल

बाई मंगळवारी येणार. नक्की.

तयारी जय्यत. शेठनी सप्टेंबरात काढलेले फोटो मोठे करून शेठच्या बंगल्यात लावले. बाईंना आधी तिथे न्यायचं, लस्सी, मग जेवण, मग थोडी विश्रांती, आणि दिवस मावळताना जीपमधून लांबूनच तळं दाखवायचं. अंधुक उजेडात हिरवं आणि पाणी सारखंच दिसतं.

पाड्यावर जाऊन भिकाला बजावलं: बाईंनी विचारलं तर तू सुनावणीत म्हणालास तेच म्हण. फक्त 'चालंल'. पुढे एक अक्षर नाही. भिका म्हणाला, बरं.

हे झालं की खरोखर तंबाखू सोडेन. गणपतीची शपथ. पुष्पलताला चार दिवस महाबळेश्वरला नेईन. फक्त हे होऊ दे. देवा, एवढं एकदा होऊ दे.

११ एप्रिल, मंगळवार

घाईत लिहितोय, अक्षर बिघडलंय.

बाईंनी लस्सी घेतली नाही. पोट नाजूक म्हणाल्या. फोटो बघितले, छान म्हणाल्या, आणि पहले साइट देखेंगे म्हणून उठल्याच. भर दुपारी! जीप थांबायच्या आत खाली उतरून चालायला लागल्या. मी मागे, शेठ माझ्या मागे. बऱ्याच आत गेल्यावर वळून मला विचारलं, तालाब कहाँ है? मी म्हटलं, मॅडम, आप तालाब में ही खड़ी हैं. टेक्निकली हे बरोबर आहे.

तेवढ्यात ठकी आली. तिने हातातलं कलिंगड गुडघ्यावर आपटून फोडलं आणि लालभडक तुकडा बाईंच्या हातावर ठेवला. म्हणाली, खा बाय, उनाची आलीस. बाईंनी खाल्लं. तळ्याचं नाव विचारलं. ठकी म्हणाली, सुकतळं. बाई म्हणाल्या, अच्छा, सूखा ताल.

दिल्लीची बाई! मराठीचा गंध नाही! मी नियम समजावून सांगायला लागलो होतो, पण त्या पुढे गेल्या होत्या.

भिका भेटला. बाईंनी विचारलं, होटल चलेगा? भिकाने माझ्याकडे बघितलं. म्हणाला, चालंल. आणि गप्प बसला. कबूल केल्याप्रमाणे. मला त्याला मिठी मारावीशी वाटली. बाईंनी वही मिटली. मी श्वास सोडला.

पण भिकाला राहवेना. माझ्याकडे वळून म्हणाला, सायेब, तवा पन मी पुरता बोल्लो व्हतो, तू अर्दा लिवलास. चालंल, पानी हाय तवर. फागुनात कोन येल तुज्या हाटेलात? आमची काकडी बघाया?

सगळा पाडा हसला. ठकी सगळ्यात मोठ्याने. शेठ सोडून सगळे. मीही हसलो, एकट्याने न हसणं बरं दिसलं नसतं.

बाईंनी वही उघडली. विचारलं, हे अहवालात आहे? मी म्हटलं, परिशिष्टात येणार होतं. मग विचारलं की शेठची तार होती म्हणतात, मग या लोकांना आत पेरायला कोणी दिलं? शेठनी माझ्याकडे बोट केलं. क्यों, त्यांनी मला विचारलं. मी वेलांकडे बघितलं. मग म्हटलं, लॉन.

बाईंनी बरंच काही लिहिलं. कलिंगडाचा आणखी एक तुकडा मागून घेतला.

१२ मे

अहवाल परत. कर्ज नामंजूर. ऑर्डर आली, चंद्रपूर, वसुली विभाग.

नाबरसाहेब ओरडलेसुद्धा नाहीत. एवढंच म्हणाले, कमलाकांत, तुम्ही नाही म्हणालात तिथे पाणी आलं, आणि आहे म्हणालात तिथलं गेलं. पाण्याशी तुमचं पटत नाही, आता कोरड्या खात्यात जा.

बत्राबाईंनी शेऱ्यात लिहिलंय की गाळातली लागवड हे या लोकांचं जगण्याचं साधन आहे, ते बुडवून हॉटेलला पैसा देता येणार नाही. म्हणजे लॉनमुळे सगळं गेलं. योजना माझीच. वेल नसते तर बाईंना नुसता चिखल दिसला असता. हे मला आज ऑफिसात बसल्या बसल्या कळलं, आणि गंमत म्हणजे त्याचं मला जेवढं वाईट वाटायला हवं तेवढं वाटलं नाही. थकवा असेल.

पुष्पलताने ऑर्डर वाचली, घडी करून फडताळात ठेवली. सांगायचं ते तिने ऑगस्टातच सांगून ठेवलं होतं. मी म्हटलं, थोडे दिवसच, मग मुंबईचा सेल निघेलच. ती भाजी निवडत होती.

संध्याकाळी दारात एक मोठं कलिंगड. ठकीने बाजाराच्या पाटीतून पाठवलेलं. पुष्पलता म्हणाली, सायबाला दे म्हणालीये, मला नाही. उचलून आत नेताना मला रडू आलं. फार जड होतं ते.

३ जून, चंद्रपूर

पोचलो. ऊन असं की डोळे उघडवत नाहीत. खानावळ ठरवली. वसुली खातं वाटतं तेवढं वाईट नाही. इथे माणसांशी बोलायचं असतं, आणि लोकांचं ऐकून घ्यायचा मला अनुभव आहे. उद्यापासून पाचला उठणार.

बोईसर स्टेशनवर पुष्पलता आली होती. हातात डबा दिला, पाण्याची बाटली दिली, सामानाकडे लक्ष ठेवा म्हणाली. मी खिडकीतून विचारलं, तुला एकटीला चालेल ना? म्हणाली, चालेल. तेवढ्यात गाडी हलली. पुढेही ती काहीतरी म्हणत होती, तोंड हलताना दिसलं, पण गाडीच्या आवाजात ऐकू आलं नाही. मी आपला हात हलवत राहिलो.

चालेल म्हणाली, एवढं नक्की. तेवढं पुरे आहे.

एसटीडी बूथ खानावळीच्या खालीच आहे. विचारलं तर सांगेल ती, पुढे काय म्हणाली ते. आज लाइन लागायची नाही. उद्या विचारतो.